बेशरमाचं पान

एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
निकेलच्या टाकीवर काढली.
नळ, कड्या, स्कूटरचे आरसे,
एकदा पितळेच्या देवांची ऑर्डर, तिला सोन्याचं पाणी.
जॉब टांगायचा, बुडवायचा, उचलायचा, मोजायचा.
चकाकी म्हणजे जाडी. मायक्रॉनमध्ये.
त्याउपर चकाकीबद्दल मला कुणी
काही सांगू नये, असं वाटायचं.

आता सकाळी साडेसहाला
बंद पडलेल्या शेडमागे, नाल्याकाठी,
बेशरमाच्या झुडपात उकिडवा बसतो.
गुडघ्याखाली सिमेंटची रिकामी गोणी.
लेन्स उलटी लावलेली.
राबोडीची तहसीन शिकवून गेली ते,
किड्यांवर शिकते ती, मला म्हणते, "काका, श्वास!"
म्हणजे सोडू नका.
फ्लॅशवर दुधाच्या पिशवीचा तुकडा,
तीनदा धुतलेला,
तरी ऊन चढलं की वास येतोच.

आणि तो, पानाखाली.
कासवकिडा. तुरीच्या दाण्याएवढा.
कडेनं काचेची झालर, तिच्यातून पानाच्या शिरा दिसतात,
मध्ये सोनं.
पहिल्यांदा दिसला तेव्हा तोंडातून गेलं,
कुठल्या शॉपचं काम हे?
डाग नाही, फोड नाही,
हँगरची खूणसुद्धा नाही.
टांगला कुठून असेल याला?

पाठीवर त्याच्या सगळं होतं:
वाकलेलं आभाळ, शेडचा पत्रा,
मोबाइलचा टॉवर केसाएवढा,
आणि मधोमध काळा ठिपका, तो मी.

कणभर पुढे, कणभर मागे.
मिशा स्पष्ट आल्या की पाठ जाते,
पाठ आली की पाय धूसर.
चाळीस फोटो घ्यायचे, एकावर एक रचायचे,
तेव्हा कुठे एक किडा पुरा होतो.
हा पंधराव्यालाच चालू लागायचा.

नौपाड्यातला कॅमेरेवाला म्हणाला,
फ्रिजमध्ये ठेवा दहा मिनिटं. गार पडतो, हलत नाही.
तहसीनला विचारलं नाही.
ती नको म्हणाली असती,
म्हणूनच विचारलं नाही.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची डबी, कोथिंबिरीशेजारी.
नेमका सिलिंडर आला.
पावती, सुटे पैसे, खालच्या मजल्यावरच्यांशी दोन शब्द.
आठवलं तेव्हा दुपार झाली होती.

डबीत चहाचा वाळलेला थेंब.
झालर तीच, सहा पाय पोटाशी घेतलेले,
पाठ तपकिरी.
बोटानं पुसून पाहिलं. जुनी सवय.
थर गेला की खाली पितळ निघतं,
बोटाला काळं लागतं, कुठेतरी भुकटी पडते.
इथे बोट कोरडं. काही उतरलंच नव्हतं.

रात्री फोनवर तहसीन आधी गप्प राहिली.
मग म्हणाली, काका, ते सोनं नसतंच.
कवचाच्या थरांत ओल असते, तिच्यामुळे तसं दिसतं.
जिवंत असेतो तो ती धरून ठेवतो.

आणि आम्ही टाकीवर इतकी वर्षं
सोन्याचं पाणी, सोन्याचं पाणी म्हणत होतो.

इंदुमती भांडी लावत होती.
"कोथिंबिरीशेजारी ठेवलात! आता ती जुडी कोण खाणार?"
तिच्या हातातली बांगडी
घासणीच्या बाजूनं काळवंडलेली.
देवांच्या ऑर्डरमधून उरलेल्या पाण्यात
मीच बुडवली होती ती, रात्रपाळीला,
मालकाला न सांगता.
तिला ठाऊक आहे. कधी बोलली नाही.

डबी खिडकीत आहे. टाकवत नाही.

सकाळी परत गेलो.
पानांना भोकं, गोल, ड्रिल मारल्यासारखी.
एका भोकाच्या कडेला दुसरा एक,
नाश्त्याला बसलेला.
अठ्ठावीस झाले. श्वास धरलेला.
एकोणतिसाव्याला त्यानं पाठ उघडली.
त्या फोटोत नुसती एक पिवळी रेघ
आणि बेशरमाचं पान, हललेलं.

तहसीनला तेवढाच पाठवला.